रुसलेला हात

आळस हा शब्द आपल्या घरांतून फार स्वस्त झाला आहे. मुलगा उशिरा उठला, तो आळशी. सून दुपारी घटकाभर आडवी झाली, ती आळशी. आणि आजारातून उठलेल्या आजोबांनी आपला सदरा आपण घातला नाही, तर तेही आळशी! पहिल्या दोघांच्या बाबतीत मी काही बोलणार नाही; तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण तिसऱ्याच्या, म्हणजे अर्धांगवायूतून बरे होत असलेल्या माणसाच्या बाबतीत हा शब्द उच्चारण्यापूर्वी आपण दहा वेळा विचार करावा, एवढी विनंती करण्यासाठी हा लेख लिहीत आहे. कारण तेथे ज्याला आपण आळस म्हणतो, तो कधी कधी मेंदूचा विकार असतो. त्याला नाव आहे, लक्षणे आहेत, आणि ती लक्षणे ओळखायला फार मोठी यंत्रसामग्रीही लागत नाही. लागते ती फक्त पाहण्याची सवय.

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. हिंगोलीत माझे लहानसे केंद्र आहे आणि आठवड्यातले दोन दिवस मी वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव, कळमनुरी या तालुक्यांतल्या रुग्णांच्या घरी जाते. आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. पुण्यामुंबईच्या वाचकांना तो ठाऊक असतो तो औंढ्याच्या नागनाथामुळे, संत नामदेवांच्या नर्सीमुळे, नाही तर मग हळदीमुळे. कयाधूच्या काठची ही गावे दुरून शांत दिसतात. पण रक्तदाब आणि मधुमेह या दोन पाहुण्यांनी आता खेड्यांतही मुक्काम ठोकला आहे, आणि त्यांच्या मागोमाग अर्धांगवायू येतो.

हा केवळ माझा अनुभव नव्हे. आमच्याच महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेतील मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ खेड्यांतील मृत्यूंचा अभ्यास केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्या खेड्यांतले सुमारे १४ टक्के मृत्यू अर्धांगवायूने झालेले आढळले. मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक पहिला होता. 'हा शहरी लोकांचा, बैठ्या लोकांचा आजार' ही आपली समजूत त्या आकड्यांनी पार मोडीत काढली. आता जे दगावतात त्यांची मोजदाद निदान होते तरी. पण जे वाचतात आणि घरी परत येतात, त्यांचे पुढे काय होते?

'आबा मुद्दाम करायलेत!'

वसमत तालुक्यातील एक हळदीचे शेतकरी. वय सत्तरीच्या घरात. त्यांना आपण आबा म्हणू. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली आणि डावे अंग गेले. वेळेवर उपचार मिळाले, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांत हातापायांत ताकद परत आली. घरच्यांनी सत्यनारायणसुद्धा घातला. पण ताकद आली तरी हात काही कामाला लागेना. सदरा घालताना उजवी बाही चढायची, डावी पाठीवर लोंबत राहायची. पाणी पिताना, दार उघडताना, काठी घेताना, सगळीकडे उजवा हात. डावा आपला कडेला टांगलेला.

मी गेले तेव्हा थोरल्या मुलाने मला अंगणातच गाठले. "मॅडम, खरं सांगू का? आबा मुद्दाम करायलेत. हातात ताकद आहे की! डॉक्टरांनी आमच्यापुढं दाबून बघितला. घरी आलं की हात खाली. सगळं आमच्याकडून करून घ्यायचंय त्यांना."

या बोलण्यामागे आणखीही एक गाठ होती, ती मला नंतर कळली. आजारापूर्वी घरात जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला होता आणि आबांचा त्याला विरोध होता. त्यामुळे धाकट्याची तर खात्रीच झाली होती की, विषय लांबवण्यासाठी हे सगळे सोंग चालले आहे. जेवायला बसले की टोमणे, आंघोळीच्या वेळी टोमणे. व्यायामाचे पैसे कशाला घालवायचे, असेही बोलणे सुरू झाले होते. आबा ऐकून घेत आणि गप्प बसत. एका भरल्या घरातला कर्ता माणूस आपल्याच ओसरीवर आरोपीसारखा बसला होता.

मी रीतीप्रमाणे तपासणी केली. "आबा, डावा हात वर करा." केला. "माझी बोटे दाबा." चांगली कचकचून दाबली. डोळे मिटायला सांगून हातात किल्ली ठेवली, मग नाणे ठेवले; दोन्ही ओळखले. म्हणजे ताकद आहे, स्पर्शही आहे. थोरला मुलगा माझ्याकडे 'बघा, मी सांगत नव्हतो?' अशा नजरेने पाहू लागला.

मग मी तपासणी संपली असे सांगितले, चहा मागितला आणि हळदीच्या गोष्टी काढल्या. खरी तपासणी तेथून सुरू झाली. आबा हळद शिजवण्याचे वर्णन करू लागले. उजवा हात हवेत कढई काढीत होता, आच दाखवीत होता, डावा मात्र खुर्चीच्या बाहेर तसाच लोंबत होता. बसताना त्यांनी तो मांडीवर घेतलाच नव्हता. एवढ्यात शेजारचे एक गृहस्थ आले, 'रामराम' म्हणाले. आबांनी एकच हात कपाळाला लावला. मी म्हटले, "आबा, दोन्ही हातांनी करा की रामराम." लगेच दोन्ही हात जुळले, अगदी नीट, छातीपाशी! आणि चार क्षणांनी डावा पुन्हा खाली घसरला. उठताना डावे पाऊल चपलेत अर्धेच गेले होते, तसेच ते चालू लागले.

मी विचारले, "आबा, हात दुखतो का?"

"नाही."

"मग उचलत का नाही?"

त्यांनी हाताकडे पाहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे, आणि म्हणाले, "ध्यानातच राहत नाही, माय. तुम्ही म्हणलं की आठवतंय."

सारे निदान त्या एका वाक्यात होते.

गाडीवान झोपला आहे

डॉक्टर मंडळी या स्थितीला 'मोटर निग्लेक्ट' म्हणतात. मी तिला सोप्या भाषेत 'हालचालीचा विसर' म्हणते. हात उचलण्यासाठी दोन गोष्टी लागतात: स्नायूंत बळ आणि त्या बळाला कामाला लावणारी मेंदूची प्रेरणा. निरोगी माणसात ही प्रेरणा आपल्या नकळत चाललेली असते. खुर्चीवर बसताना हात आपोआप मांडीवर येतो. बोलताना हातवारे होतात. चटका बसला की हात मागे येतो. हालचालीच्या विसरात बळ शाबूत असते, ही आपोआपची प्रेरणा मात्र हरवते. बैल धडधाकट आहेत, गाडीही ठीक आहे. पण गाडीवानाला डुलकी लागली आहे. हाक मारली की तो जागा होतो, कासरा ओढतो, गाडी चार पावले जाते, की पुन्हा मान कलते. अशा वेळी बैलांना दामटून काय उपयोग?

या विकाराकडे लक्ष गेले ते बरेच उशिरा. १९१४ साली पॅरिसमध्ये बाबिन्स्की या मेंदुविकारतज्ज्ञाने अशा रुग्णांबद्दल सांगितले, ज्यांची डावी बाजू लुळी पडली होती आणि ज्यांना त्याचा पत्ताच नव्हता. स्वतःच्या शरीराची एक बाजू मेंदू खात्यावरून वजा करू शकतो, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. पुढे १९७० च्या सुमारास पॅरिसमध्येच कास्तेन्य, लाप्लान आणि देगो या डॉक्टरांनी आणखी बारकावा दाखवला: काही रुग्णांचा हात लुळा नसतो, बधिरही नसतो, तरी वापरला जात नाही. १९८३ साली लाप्लान आणि देगो यांनी अशा २० रुग्णांची हकीकत एकत्र प्रसिद्ध केली. मेंदूचा पुढचा भाग, बाजूचा वरचा भाग आणि आतल्या गाभ्यातील थॅलॅमस, यांपैकी कोठेही इजा झाली तरी हे घडू शकते, असे त्यांना आढळले. हालचाल सुरू करण्याचे काम एकट्यादुकट्या केंद्राचे नसून अनेक केंद्रांच्या संगनमताचे आहे, हे त्यातून दिसले. डाव्या अंगाचा विसर अधिक आढळतो. पण उजव्याचा होतच नाही असे मात्र नाही.

दवाखान्यात पास, घरी नापास

आता या निदानातली खरी अडचण ऐका. दवाखान्यात डॉक्टर सांगतात, 'हात वर करा', आणि रुग्ण तो करतो. सांगितल्यावर होते, हेच तर या विकाराचे लक्षण! म्हणजे नेहमीच्या तपासणीत हात उत्तम गुणांनी पास होतो आणि घरी येऊन नापास होतो. डॉक्टरांच्या कागदावर 'ताकद चांगली' अशी नोंद होते, ती घरच्यांच्या हाती पडते, आणि मग त्याच कागदाच्या आधारे म्हाताऱ्याला सोंगाडा ठरवले जाते. दोष कोणा एकाचा नाही. पाहण्याची जागा चुकते, इतकेच.

म्हणून जाणकार तपासनीस दोन वेळा पाहतो: एकदा सांगून आणि एकदा न सांगता. या दोहोंत जेवढे अंतर, तेवढा विसर. न सांगता पाहताना बसल्यावर हात कोठे ठेवला जातो, बोलताना दोन्ही हात बोलतात की एकच, दोन हातांच्या कामात आजारी हात मदतीला येतो का, आला तर टिकतो का, गरम किंवा टोचणाऱ्या वस्तूपासून तो आपण होऊन मागे येतो का, या गोष्टी पाहायच्या. अलीकडे दोन्ही मनगटांवर घड्याळासारखी हालचाल मोजणारी यंत्रे बांधून दिवसभराचा हिशेब घेता येतो. निरोगी माणसाचे दोन्ही हात दिवसभरात जवळजवळ सारखाच वेळ हलत असतात. उजवा जास्त कुशल असतो, पण डावा काही बसून खात नाही. या विकारात तो तोल ढळतो. तथापि असे यंत्र नसले म्हणून निदान अडत नाही. या विकाराला अजून सर्वमान्य अशी एकच एक चाचणी नाही. डोळसपणे पाहणे हीच मुख्य चाचणी.

यात आपल्याकडची एक खास अडचण आहे, ती पाश्चात्त्य पुस्तकांत सापडायची नाही. आपण जेवतो उजव्या हाताने, देतो-घेतो उजव्या हाताने, प्रसादही उजव्याच हातावर. डाव्या हाताला चारचौघांत एकट्याने करायचे काम आपण फारसे ठेवलेलेच नाही. काटा-चमचा वापरणाऱ्या घरात डावा हात संपावर गेला तर पहिल्याच जेवणाला कळते. आपल्याकडे महिनोन्महिने कळत नाही. पण ज्या संस्कृतीने ही अडचण केली, तिनेच उपायही दिला आहे. नमस्कार! दोन्ही हातांशिवाय जो पुरा होत नाही, अशी ही रोजची कृती. त्याच जोडीला भाकरी थापणे, पायजम्याची नाडी बांधणे, टॉवेल पिळणे, डब्याचे झाकण उघडणे, आरतीच्या टाळ्या. ही कामे रुग्ण न सांगता कशी करतो आणि 'डावाही लावा' म्हटल्यावर कशी करतो, हे घरच्या माणसांइतके चांगले कोणी पाहू शकत नाही.

प्रत्येक स्वस्थ हात रुसलेला नसतो

एवढे वाचून प्रत्येक न हलणाऱ्या हातावर हे लेबल चिकटवू नये. हिंगोलीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे मला अशाच कारणासाठी बोलावले होते. त्यांचाही उजवा हात वापरला जात नव्हता. पण डोळे मिटून त्यांना किल्ली आणि नाणे यांतला फरक सांगता येईना. त्यांचा हात विसरलेला नव्हता, आंधळा झाला होता. स्पर्श गेल्यामुळे वस्तू हातातून निसटत, म्हणून त्या तो वापरीत नव्हत्या. तेथे उपचार निराळा.

काही रुग्ण डाव्या बाजूचे जगच विसरतात: ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डाव्या गालाची दाढी राहते. हा लक्ष्याचा विसर झाला; तो हालचालीच्या विसराबरोबर असू शकतो किंवा एकटाही. काहींना हातवाऱ्यांची रीतच आठवत नाही. कंगवा हाती दिला तर करायचे काय, हे उमगत नाही. काहीजण खिन्न झालेले असतात. त्यांचे दोन्ही हात मंदावलेले दिसतात, एक नव्हे. आणि काहींच्या बाबतीत सुरुवातीच्या अशक्तपणात हात वापरण्याचे प्रयत्न फसत गेल्यामुळे तो न वापरण्याची सवयच जडते. या शेवटच्या प्रकारावर अमेरिकेत एडवर्ड टॉब यांनी पुष्कळ काम केले. चांगल्या हातावर जाड मोजा चढवून आजारी हाताला कामाला लावायचे, ही त्यांची पद्धत. २२२ रुग्णांवर घेतलेली तिची मोठी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली आणि पद्धत उपयोगी ठरली. प्रत्यक्षात हे प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात, थोडा अशक्तपणाही बरोबर असतो. म्हणून अखेरचे निदान मेंदुविकारतज्ज्ञाने किंवा अनुभवी उपचारकानेच करावे. मात्र घरच्यांनी निरीक्षण सांगितले नाही, तर त्यांच्यापुढे प्रश्नच येत नाही.

'आबा, डावा!'

आबांच्या घरी मी पहिला उपचार केला तो आबांवर नव्हे, त्यांच्या मुलांवर. दोघांना समोर बसवले आणि तोच प्रयोग पुन्हा करून दाखवला. चहाचा कप डाव्या बाजूला ठेवून पाहिले. आबांनी अंग वळवून उजवा हात पलीकडे नेला. सोंग करणारा माणूस आपल्याला इतका त्रास का देईल? आणि सोंग करायचेच, तर डॉक्टरांपुढे हात पूर्ण ताकदीने का उचलील? धाकटा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "परवा चहा सांडला तवा हात तसाच ठिवला होता. भाजलं तरी." त्याने स्वतःच एक लक्षण शोधून काढले होते.

पुढची योजना साधी होती. टोमणे बंद, त्याऐवजी एकच शब्द, हलक्या आवाजात: "आबा, डावा." हात सतत दिसावा म्हणून मनगटाला लाल कापडाची पट्टी. बसताना हात मांडीवर किंवा समोरच्या पाटावर, खुर्चीबाहेर कधीच नाही. रोज अर्धा तास दोन हातांची कामे: टॉवेलची घडी, शेंगा सोलणे आणि संध्याकाळी टाळ, कारण आबा मूळचे भजनी मंडळातले. टाळ वाजवताना पहिल्या चार-सहा ठोक्यांनंतर डावा हात मंदावे आणि थांबे, नातू म्हणे, "आबा, डावा!" आणि ठेका पुन्हा सुरू होई. घरात कोणीतरी असताना, आबा बसलेले असतानाच, दिवसातून थोडा वेळ उजव्या हातावर मोजाही चढवला. तो चालताना कधीच वापरायचा नाही, कारण तोल गेला तर आधाराचा हातच मोकळा राहत नाही.

चमत्कार झाला नाही. या विकारावर गोळी नाही, आणि खास याच विकारासाठी पक्के सिद्ध झालेले उपचारही अजून थोडे आहेत. तीन महिन्यांनी आबा दहांतून सहा-सात वेळा न सांगता दोन्ही हातांनी नमस्कार करू लागले. थकले, घाईत असले की अजूनही विसरतात. पण घरातले खटल्याचे वातावरण गेले. वाटणीचे पुढे काय झाले ते मी विचारले नाही. निदान त्या वादात आबांच्या हाताची साक्ष काढणे तरी बंद झाले.

दिवाळीत एवढे करा

२०२४ साली हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जुन्या पिढीला नांदेड गाठावे लागे, ते दिवस हळूहळू पालटतील अशी आशा आहे. पण दवाखाना दाराशी आला तरी रुग्ण चोवीस तास राहतो तो घरात, आणि हा विकार दिसतो तोही घरातच.

२९ ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन दिवाळीच्या आगेमागेच येतो. या दिवसांत आपण आप्तांकडे जातो, आजारातून उठलेल्या काका-मामांना भेटतो. त्यांच्या हाताची ताकद दाबून पाहू नका. ती डॉक्टरांनी पाहिलेली असते. ते नमस्कार कसा करतात ते पाहा. अभ्यंगस्नानाला डाव्या पायाला उटणे लावायचे राहते का, ते त्यांच्या घरच्यांना पाहायला सांगा. पाण्याचा ऊनपणा दुसऱ्याने तपासावा, आणि पणत्या-फुलबाज्यांजवळ त्यांना एकटे बसवू नये. विसरलेला हात चटका बसला तरी मागे येईलच असे नाही. शंका आली, तर त्यांची परवानगी घेऊन, ते सहज बोलत किंवा काम करीत असतानाचे दहा मिनिटांचे चित्रण मोबाईलवर घ्या आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांच्या खोलीत न दिसणारी गोष्ट त्यात दिसेल.

आणि जाता जाता एक, जे कोणत्याही लेखात सांगितलेच पाहिजे. बोलता बोलता कोणाचे तोंड वाकडे झाले, एक हात खाली पडला, जीभ जड झाली, तर मीठ-लिंबू, मालीश यांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे ते साडेचार तासांच्या आत.

त्यातून वाचून जो घरी येईल, त्याचा एखादा हात रुसून बसलाच, तर त्याला नावे ठेवू नका. त्याला नावाने हाक मारा. 'डावा' म्हणा, आणि थोडे थांबा. बहुतेक वेळा तो येतो.